माणूस खुर्चीच्या मापाचा की खुर्ची माणसाच्या मापाची?

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो महागाई भत्ता, बोनस किंवा संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती गैर नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'खुर्ची' एवढेच कळविले होते, आणि हे राजकारणावरचे व्याख्यान असावे असे समजून त्यांनी ते आनंदाने मान्य केले. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते हाताने चालवावयाच्या चाकांच्या खुर्चीविषयी. आणि त्यातही तिच्या बैठकीची मागची कड जमिनीपासून किती उंच असावी, एवढ्याच गोष्टीविषयी. विषय दोन बोटांचा आहे. पण या दोन बोटांत एका माणसाचे खांदे, त्याची कातडी आणि त्याचे घराबाहेर पडणे अडकलेले असते, हे आम्हांला उशिरा कळले. कसे कळले ते आधी सांगतो, म्हणजे विषय का निवडला हेही ध्यानात येईल.

यवतमाळ जिल्हा कापसाचा. शेतात कापूस वेचला जातो तेव्हापासून त्याची सरकी निघून गठाण बांधली जाईपर्यंत त्या वाटेवर असंख्य हात राबतात, आणि धोक्याच्या जागाही वाटेवर पुष्कळ आहेत. जिनिंगच्या आवारात कापसाच्या उंच गंजी लागतात. तिकडे वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. खेड्यापाड्यांत विहिरीची कामे चालतात, झाडावर चढावे लागते, ट्रॅक्टर उलटतात. हात तुटला, बोट गेले, तर ते चारचौघांना दिसते. पाठीचा कणा दुखावला तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस फक्त उठत नाही.

आमच्या युनियनचे एक सभासद काही वर्षांपूर्वी असेच गंजीवरून पाठीवर पडले. कमरेखालचे अंग गेले. त्यांचे नाव येथे सांगत नाही. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, आणि तेही आम्हांला भाऊच म्हणतात. भरपाईसाठी आम्ही भांडलो, कागद केले, तारखांना गेलो, आणि रक्कम मिळाली. युनियनच्या दृष्टीने प्रकरण संपले. पुढे एका शिबिरातून भाऊंना चाकांची खुर्चीही मिळाली. हार घातला गेला, छायाचित्र निघाले. तीन महिन्यांनी आम्ही घरी गेलो तेव्हा खुर्ची दाराआड उभी होती, तिच्यावर धुतलेली गोधडी वाळत होती, आणि भाऊ खाटेवर होते. खुर्ची का वापरत नाही असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, खुर्ची मोठी हाये का मीच लहान झालो, समजून नाही रायलं."

आम्ही त्यांना उचलून खुर्चीत बसविले आणि पाहिले. खुर्चीची बैठक जमिनीपासून 20 इंच, वर 3 इंचांची गादी. भाऊ बांध्याने ठेंगणे. चाकाचे कडे धरण्यासाठी त्यांना दोन्ही हात सरळ खाली ताणावे लागत होते, आणि एका ढकलीत खुर्ची जेमतेम हातभर सरकत होती. पोटापाठीच्या स्नायूंत जोर नसल्याने ते हळूहळू पुढे घसरत होते. घसरू नये म्हणून एक हात खुर्चीच्या दांड्याला धरून ठेवावा, तर चाक फिरविण्यास एकच हात उरे. अशी खुर्ची माणूस दाराआड ठेवील नाही तर काय करील?

तेव्हा आमच्या मनात जो विचार आला तो आजच्या व्याख्यानाचे सार आहे. कामगारांच्या भरपाईचा कायदा 1923 साली झाला. 2025 च्या नोव्हेंबरात त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तोपर्यंत तोच चालत होता. त्याच्या पहिल्या परिशिष्टात इजेचे माप दिलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरावे. हात खांद्याखाली तुटला आणि उरलेला भाग खांद्याच्या टोकापासून 20.32 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे 8 इंचांपेक्षा, कमी असला तर 80 टक्के धरावे. माणसाचे काय गेले हे मोजण्यासाठी कायदा सेंटिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत उतरला. आणि त्याच माणसाला उरलेले आयुष्य ज्या खुर्चीत काढावयाचे, ती खुर्ची मोजावयास मात्र टेप घेऊन कोणी आले नाही. आम्हीही गेलो नव्हतो.

ही खुर्ची आली कोठून

आज जिला आपण सर्वसाधारण व्हीलचेअर म्हणतो, त्या घडीच्या खुर्चीचा जन्म एका अपघातातच आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक अमेरिकन खाण-अभियंता होते. खाणीतील अपघातात त्यांचा कणा मोडला. त्या काळच्या खुर्च्या लाकडी, अवजड आणि मोटारीत न मावणाऱ्या. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज हे यंत्र-अभियंता. दोघांनी मिळून 1933 च्या सुमारास पोलादी नळ्यांची खुर्ची केली. तिच्या बैठकीखाली फुलीच्या आकाराचे दोन दांडे होते, त्यामुळे ती मिटून सपाट होई. हा नमुना जगभर पसरला. इस्पितळांतून, रेल्वे स्थानकांवरून आपण पाहतो त्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

पण नमुना पसरला तो एका ठरावीक आकारात. इस्पितळातील खुर्ची सर्वांसाठी असते आणि ती ढकलणारा दुसरा माणूस असतो. बैठक सपाट, मागचे चाक पाठीच्या दांड्याच्या बरोबर खाली, आणि त्याचा आस कायमचा एका जागी बसविलेला. तासाभराच्या कामाला ही रचना ठीक आहे. तीच खुर्ची एखाद्याला जन्मभरासाठी दिली की घोटाळा सुरू होतो. मॅरिलिन हॅमिल्टन या अमेरिकन बाई 1978 साली ग्लायडरवरून पडून अपंग झाल्या. मिळालेल्या जड खुर्चीला वैतागून त्यांनी ग्लायडर तयार करणाऱ्या आपल्या मित्रांकडून हलक्या ॲल्युमिनियमची खुर्ची करवून घेतली. त्या सुमारास खुर्चीवर बसून खेळणाऱ्या खेळाडूंनीही आपापली चाके पुढेमागे, वरखाली करून पाहण्यास आरंभ केला होता. ज्याला खुर्ची वापरावयाची त्यानेच हाती पाना घेतला, तेव्हा खुर्ची माणसाच्या मापाची होऊ लागली.

आपल्या देशात कृत्रिम अवयव व साधने तयार करणारे सरकारी महामंडळ कानपूर येथे 1972 साली निघाले, आणि अपंगांना साधने पुरविण्याची केंद्राची योजना 1981 पासून सुरू झाली. खुर्ची आज खेड्यापर्यंत पोहोचते हे मोठेच काम आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मद्रासच्या आयआयटीतून निघालेल्या मंडळींनी 2021 साली माणसाच्या मापाप्रमाणे जुळविता येणारी खुर्ची बाजारात आणली, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हणजे विद्या आपल्याकडे आहे. ती यवतमाळच्या दारापर्यंत यावयाची आहे.

मागची उंची म्हणजे काय

आता मूळ विषयाकडे वळू. बैठकीला दोन उंच्या असतात. जमिनीपासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंतची ती पुढची उंची; जमिनीपासून जेथे बैठक आणि पाठ मिळतात त्या कडेपर्यंतची ती मागची. दोन्ही सारख्या असल्या तर बैठक सपाट. मागची कमी असली तर बैठक मागे उतरती. हा उतार किती ठेवावयाचा, हाच सारा प्रश्न.

मागची उंची बदलण्यासाठी बैठक हलवीत नाहीत, चाक हलवितात. ज्या खुर्चीत ही सोय असते तिच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर ओळीने भोके पाडलेली एक पट्टी असते, आणि मोठ्या चाकाचा आस त्यांपैकी एका भोकात बसतो. आस एक इंच वरच्या भोकात नेला की मागची बैठक एक इंच खाली येते. प्रथम ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. पण चाक जमीन सोडत नाही. तेव्हा चाक चौकटीत वर चढले याचा अर्थ चौकट खाली उतरली. बैठक 16 इंच खोल धरली तर मागे एक इंच उतरल्याने सुमारे साडेतीन अंशांचा उतार होतो, दोन इंचांनी सुमारे सात अंशांचा.

या उताराने चार गोष्टी घडतात. एक, शरीराचा खालचा भाग बैठकीच्या कोपऱ्यात नीट बसतो, पाठ टेकते, आणि ज्याच्या पोटापाठीत जोर नाही तो पुढे घसरत नाही. त्याचे दोन्ही हात मोकळे होतात. दोन, खांदे चाकाच्या जवळ येतात आणि कड्याचा अधिक भाग हातात येतो, त्यामुळे थोड्या ढकलींत अधिक अंतर जाते. तीन, शरीराचा भार मागे, मोठ्या चाकांवर येतो. पुढची लहान चाके हलकी होतात आणि काळ्या मातीत किंवा मुरमाच्या रस्त्यावर कमी रुततात. चौथी गोष्ट मात्र उलट बाजूची आहे. भार फार मागे गेला तर खुर्ची मागे उलटते.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे अधिक सांगावयास नको. गाडीत माल पुढे भरला तर जू बैलांच्या मानेवर बसते आणि बैल दमतात. मागे भरला तर गाडी उलार होते. गाडीवान माल पुढेमागे सरकवून तोल साधतो. चाकांच्या खुर्चीत बैलही तोच माणूस आणि मालही तोच माणूस, एवढाच फरक.

माप कसे घ्यावे

माप नेहमी त्या माणसाला, त्याच्या रोजच्या गादीवर, रोजच्या कपड्यांत बसवून घ्यावे. गादी माणसाच्या वजनाने दबते. मोकळ्या खुर्चीवर घेतलेले माप म्हणून खोटे ठरते. माणसाने पाठ टेकून, खांदे सैल सोडून, दोन्ही हात बाजूला लोंबते ठेवावेत. मधल्या बोटाचे टोक चाकाच्या आसाच्या मध्यापर्यंत आले तर उंची ढोबळमानाने बरोबर. बोट आसाच्या वरच राहिले तर बैठक उंच आहे. बोट आसाच्या बरेच खाली गेले तर बैठक फार खाली आहे.

दुसरी कसोटी कोपराची. हात कड्याच्या सर्वांत वरच्या जागी ठेवला असता कोपरातील कोन 100 ते 120 अंशांच्या दरम्यान असावा, म्हणजे काटकोनापेक्षा थोडा उघडा. कणा दुखावलेल्या अमेरिकन माजी सैनिकांच्या संघटनेने 2005 साली खांदे जपण्याविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात हेच माप आहे. हात जवळजवळ सरळ होत असेल तर खुर्ची उंच. कोपर काटकोनाहूनही मिटत असेल तर खुर्ची फार खाली गेली, आणि मग माणूस कोपरे पंखांसारखी बाहेर काढून ढकलतो. दोन्ही चुकांची किंमत खांदाच देतो. ज्याचे पाय गेले त्याचे खांदे हेच पाय आहेत. दिवसातून असंख्य वेळा ते चाक ढकलतात, वर खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात शरीर उचलून नेण्याचे कामही त्यांचेच. खांदा गेला की माणूस दुसऱ्यांदा अपंग होतो.

आमची चूक

ही विद्या आम्ही इकडून तिकडून गोळा केली, आणि अर्धी गोळा होताच कामाला लागलो. आम्ही वर्गणी काढली, आस हलविता येईल अशी खुर्ची आणली, आणि रविवारी सकाळी पाना घेऊन भाऊंच्या अंगणात बसलो. आस वर नेला. एका भोकाने बोट जवळ आले, दुसऱ्याने आणखी जवळ, आणि तिसऱ्याने, म्हणजे मागची बाजू तीन इंच उतरल्यावर, ते बरोबर आसावर टेकले. भाऊंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मुले टाळ्या पिटीत मागे धावली. आम्ही चहा घेऊन, एक मोठे काम केल्याच्या समाधानात घरी आलो.

त्यानंतर जे घडले ते क्रमाने सांगतो. पहिल्याच संध्याकाळी दाराच्या उतारावर ब्रेक लावूनही खुर्ची सरकली. चाक वर गेले होते, पण ब्रेक जुन्याच जागी होता, आणि तो टायरला नीट लागतच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पुढची लहान चाके थरथरू लागली. चौथ्या दिवशी उंबरठा ओलांडताना खुर्ची मागे उलटली. भिंत जवळ होती म्हणून डोके वाचले. आणि बाराव्या दिवशी अंघोळ घालताना वहिनींना माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली. तीन इंचांच्या उताराने भाऊंची कंबर मागे कलली होती, पाठीला पोक आले होते, आणि जो भार बैठकीच्या हाडांवर व मांड्यांवर पसरावयाचा तो माकडहाडावर गोळा झाला होता. त्या जागी त्यांना संवेदना नाही. दुखले असते तर ते बोलले असते.

वहिनी आम्हांला एवढेच म्हणाल्या, "खुर्ची तं तुमी खाली केली भाऊ, पन हे कोन पाहाचं व्हतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. भाऊंना दोन महिने पालथे पडून काढावे लागले. अशा जखमा हाडापर्यंत जातात, त्यांतून रक्तात विष भिनते आणि माणसे दगावतात. भाऊ वाचले, ही आमची हुशारी नव्हे.

मालकाने कामगाराला न विचारता यंत्र बदलले, तर आम्ही कारखान्याच्या दारात उभे राहून जाब विचारतो. येथे मालकाच्या जागी आम्हीच होतो.

योग्य रीत

जखम भरल्यावर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हांला शेजारी बसवून जे शिकविले, ते आता सांगतो. पहिला नियम असा की हात लावण्यापूर्वी आसाची जुनी जागा खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे परत जाण्याची वाट राहते. दुसरा, एका वेळी एकच भोक. तिसरा, दोन्ही बाजूंना तेच भोक, नाहीतर खुर्ची एका अंगाला कलते, त्यात बसणाऱ्याचा कणाही कलतो, आणि चालताना ती एका बाजूस ओढ घेते. नट पुरता आवळावा. चाक खटक्याने निघणारे असेल तर आस आत पक्का अडकला आहे की नाही हे चाक बाहेर ओढून पाहावे.

मागची उंची बदलली की खुर्चीत आणखी चार गोष्टी बदलतात, आणि त्या जुळविल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. पुढच्या लहान चाकांची उभी दांडी चौकटीबरोबर कललेली असते. ती पुन्हा जमिनीशी काटकोनात आणावी. त्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही, सुताराचा गुण्या पुरतो. ही दांडी तिरपी राहिली की चाके थरथरतात किंवा वळणे जड होते. मग ब्रेक सरकवून टायरला नीट दाबतो असा बसवावा. बैठक मागे कलली की पाठही तितकीच मागे कलते. पाठीचा कोन बदलता येत असेल तर ती पुन्हा उभी करावी, नाहीतर माणूस आकाशाकडे पाहत बसतो आणि मान दुखू लागते. शेवटी मागे उलटू नये म्हणून जी छोटी चाके लावलेली असतात त्यांची उंची जुळवावी. ती नसतील तर लावून घ्यावीत. निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी ती काढू नयेत.

यानंतर परीक्षा. मागे एक माणूस उभा ठेवून प्रथम सपाट जमिनीवर, मग वळणावर, मग उंबरठ्यावर, आणि शेवटी उतारावर. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी असलेला उतार हा सर्वमान्य प्रमाणाचा. आपल्या गावात असा उतार सापडणे कठीण, हा भाग निराळा. खुर्चीची परीक्षा झाली की कातडीची परीक्षा. पहिल्या दिवशी तासभरच बसावे, मग झोपून आरशाने किंवा घरच्या माणसाकडून माकडहाड आणि बैठकीची हाडे पाहावीत. लाली आली आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर ते माप चुकीचे आहे, मग हात कितीही चांगले पोहोचत असोत. आणि माप बरोबर असले तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब मोकळा करावाच लागतो. त्यातून कोणाचीही सुटका नाही.

भाऊंचे माप शेवटी दीड इंचाच्या उतारावर ठरले. बोट आसाला लागत नाही, थोडे वर राहते. उरलेले काम आस थोडा पुढे घेऊन आणि बसल्यावर कमी उंच पण दाब नीट पसरविणारी गादी घेऊन झाले. तात्पर्य, नियम दिशा दाखवितो. अखेरचे माप त्या माणसाचे शरीर ठरविते.

कोणी बैठक उतरवू नये

येथे एक धोक्याची सूचना द्यावयास हवी. सर्वांनाच मागची बाजू उतरवून चालत नाही. अर्धांगवायू झालेला माणूस बहुधा एका हाताने आणि एका पायाने खुर्ची चालवितो. त्याला टाच जमिनीला टेकावी लागते. म्हणून त्याची पुढची उंचीच कमी हवी, आणि मागे उतार दिला तर त्याचे पाऊल अधांतरी राहते. म्हाताऱ्या माणसाला, ज्याला धरून का होईना उभे राहता येते, उतरत्या बैठकीतून उठणे विहिरीतून वर येण्यासारखे होते. ज्यांचे दोन्ही पाय मांडीतून काढलेले आहेत, त्यांच्या पुढच्या बाजूचे वजनच गेलेले असते. त्यांचा आस मागे न्यावा लागतो, नाहीतर खुर्ची पहिल्याच धक्क्यास उलार होते. मधुमेहाने पाय गमावलेले लोक आता गावोगाव दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आस हलतच नाही अशी खुर्ची ज्यांच्याजवळ आहे त्यांनी काय करावे? वेल्डिंगच्या दुकानात नेऊन नवी भोके पाडण्याचा मोह होतो. ते करू नये. नळी कमजोर होते आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात मोडते. बैठकीचे कापड झोळीसारखे लोंबत असेल तर ते आधी ताणून किंवा बदलून घ्यावे. घसरणे थांबविण्यासाठी गादीच्या पुढच्या कडेखाली पाचरीसारखा टणक फोम घालता येतो. त्याने उतार मिळतो आणि चाकांना हात लावावा लागत नाही. मात्र खुर्ची उंच होते म्हणून गादीच काढून टाकणे, हा उपाय नव्हे. तो रोगापेक्षा वाईट आहे.

हा हक्काचा प्रश्न आहे

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली हाताने चालवावयाच्या खुर्च्यांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, ते श्रीमंत देशांसाठी नव्हते. साधने कमी आहेत अशाच देशांसाठी होते. त्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. माणसाची नोंद, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरविणे, पैशाची व मागणीची व्यवस्था, खुर्चीची जुळणी, त्या माणसावर ती बसवून पाहणे, वापराचे शिक्षण, आणि नंतरची देखभाल. हार घालून छायाचित्र काढणे ही पायरी त्यात नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने 2007 साली मान्यता दिली. त्याच्या विसाव्या कलमात, शक्य तितक्या स्वावलंबनाने हिंडण्याफिरण्याची सोय करणे ही सरकारची जबाबदारी मानलेली आहे. आपला 2016 चा कायदा त्याच कराराला अनुसरून झाला. म्हणजे खुर्ची हे दान नव्हे, आणि न बसणारी खुर्ची देऊन ही जबाबदारी फिटत नाही.

म्हणून आमच्या युनियनने एक साधा पायंडा पाडला आहे. अपघाताच्या प्रकरणात आम्ही रकमेबरोबर एक वाक्य अधिक मागतो: खुर्ची द्यावयाची असेल तर ती जाणत्या माणसाकडून मापाने बसवून द्यावी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. शरीर बदलते, वजन बदलते, गादी दबते. एकदा घेतलेले माप जन्मभर पुरत नाही. ही मागणी ऐकून समोरचे प्रथम हसतात. आठ तासांच्या कामाची मागणी ऐकूनही एके काळी लोक हसलेच होते.

आमच्या कचेरीत आता पावती पुस्तकांच्या कपाटात एक पिशवी असते. तिच्यात मोजपट्टी, दोन पाने, षट्कोनी चाव्यांचा जुडगा, एक गुण्या, खडू आणि हातात धरावयाचा आरसा आहे. ही पिशवी घेऊन आता भाऊच जातात. दत्त चौकापर्यंत ते आपली खुर्ची आपणच ढकलीत येतात, पुढे कोणाच्या तरी ऑटोत. आम्ही सोबत असलो तर पाना आमच्या हाती देतात, पण नट सैल करण्याआधी बसणाऱ्या माणसाला विचारतात, "दुखते कुठं, ते सांग. अन् जिथं दुखतच नाही, तिथं आज पाहिलं का?"

हा दुसरा प्रश्न विचारावयास आम्हांला एक जखम आणि त्यांचे दोन महिने खर्च करावे लागले. ऐकणाऱ्यांना तो फुकट मिळावा, एवढ्यासाठी हे व्याख्यान. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात कोणाच्या दाराआड अशी खुर्ची उभी असेल. आज घरी जाताना तिच्या मालकाला तीत बसवून पाहा, आणि त्याच्या बोटाचे टोक चाकाच्या आसापासून किती लांब राहते ते मोजा.